‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणण्याआधी: घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर कोणतं लिनक्स?

बेळगाव असो, निपाणी असो की खानापूर, घरचा कॉम्प्युटर हँग व्हायला लागला की उपाय ठरलेला. मशीन दुकानात न्यायचं. दुकानदार म्हणतो, "फॉरमॅट मारून देतो, नवीन विंडोज टाकतो, संध्याकाळी या." संध्याकाळी मशीन घरी येतं, महिनाभर पळतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्यातही ते नवीन विंडोज बऱ्याचदा विकत घेतलेलं नसतं. कुठलातरी अ‍ॅक्टिव्हेटर चालवून, त्यासाठी अँटीव्हायरस बंद करून बसवलेलं असतं.

आता या चक्राला आणखी एक अडचण आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ घालावं तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. ती पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. म्हणजे त्याआधी घेतलेला, अजून धडधाकट असलेला आय-थ्री किंवा आय-फाइव्ह सरळ रांगेबाहेर. म्हणून हल्ली बरेच जण विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स या फुकट सिस्टिमबद्दल विचारतात, "लिनक्स टाकू म्हणतोय. कुठलं सगळ्यात फास्ट?"

प्रश्न बरोबर आहे, पण क्रम उलटा आहे. लिनक्सचं नाव शेवटी ठरवायचं. आधी मशीनच्या पोटात काय आहे ते बघायचं, मग घरात त्यावर कामं कोणती होतात, आणि आपल्या सीमाभागात तर कीबोर्डवर भाषा किती लागतात तेही.

मशीन स्लो का होतं?

जुन्या मशीनमध्ये फिरणारी हार्डडिस्क असेल तर निम्म्याहून जास्त दोष तिचा असतो. तिच्यात तबकडी फिरते आणि वाचणारी सुई एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकते. या सरकण्याला दर खेपेला दहाएक मिलीसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभर उड्या. कॉम्प्युटर चालू होताना मात्र हजारो छोट्या फाइली डिस्कवर इकडेतिकडे विखुरलेल्या असतात, त्या सगळ्या गोळा करायच्या असतात. एसएसडी म्हणजे चिपांवर साठवणारी डिस्क. साध्या साटा एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळे ती सेकंदाला हजारो वेळा वाचू शकते. म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी घातली की तो चालू व्हायला दोन-तीन मिनिटांऐवजी अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ घेतो, मग वर विंडोज असो की लिनक्स. खर्च करायचे पैसे थोडेच असतील तर ते आधी इथे घाला. हार्डडिस्क तशीच ठेवून हलकं लिनक्स टाकलं तरी फरक पडतो, पण "पळतंय" असं वाटणार नाही.

दुसरी गोष्ट रॅम. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, डिस्क म्हणजे माळा. ओट्यावर मावेल तेवढं काम झटपट होतं. ओटा भरला की एक डबा माळ्यावर ठेवायचा, दुसरा खाली काढायचा, असं सुरू होतं. कॉम्प्युटरच्या भाषेत याला स्वॅप म्हणतात, आणि माऊसचा बाण चिकटल्यासारखा होतो तो तेव्हाच.

हलकं लिनक्स उपयोगी पडतं ते इथे, पण किती उपयोगी पडतं याचा हिशेब मांडून बघायला हवा. विंडोज १० नुसतं चालू करून ठेवलं तरी साधारण दीड-दोन जीबी रॅम खातं. लिनक्स मिंट नावाचं लिनक्स, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसकट (ही नावं पुढे येतील), पाऊण ते एक जीबी. म्हणजे एखादा जीबी वाचला. तो जातो कुठे? ब्राउझरमध्ये. एका टॅबमध्ये कर्नाटकच्या जमीन नोंदींच्या ‘भूमी’ साइटवर शेताचा कन्नड उतारा, दुसऱ्यात चंदगडकडच्या जमिनीचा सातबारा, तिसऱ्यात कर्नाटक सरकारच्या अर्जांचं सेवा सिंधू पोर्टल, चौथ्यात यूट्यूब. एकेक टॅब शंभर-दोनशे एमबी सहज घेतो, व्हिडिओवाला त्याहून जास्त. वेबसाइट जितकी जड, तितकीच ती लिनक्सवरही जड. त्यामुळे दोन जीबी रॅमच्या मशीनवर कुठलंही लिनक्स टाका, चार टॅब उघडले की ते अडखळणारच. चार जीबीवर घरचं काम भागतं. आठ जीबी असेल तर मग कुठलं लिनक्स हलकं, या वादात पडायचंही कारण नाही.

रॅम वाढवायची असेल तर जुनी पट्टी काढून दुकानात दाखवायलाच न्या. डीडीआर-२, डीडीआर-३ आणि डीडीआर-४ एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत.

लिनक्स म्हणजे एक वस्तू नव्हे

१९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने जे लिहिलं ते लिनक्सचं कर्नेल, म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क सांभाळणारा गाभा. आपल्याला पडद्यावर दिसतं ते हे नव्हे. त्या गाभ्याभोवती रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या जीएनयू प्रकल्पातली साधनं, ब्राउझर, ऑफिस, सेटिंग्ज असं सगळं बांधून जे तयार गाठोडं मिळतं त्याला डिस्ट्रिब्युशन म्हणतात, बोलताना नुसतं डिस्ट्रो. डेबियन १९९३ चं. त्यावर उभं उबुंटू २००४ चं. उबुंटूवर उभं लिनक्स मिंट २००६ चं. सगळ्यांचा कोड उघडा आहे, कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा. लायसन्सचे पैसे नाहीत, अ‍ॅक्टिव्हेटर नाही.

पण वेगाच्या दृष्टीने डिस्ट्रोच्या नावापेक्षा डेस्कटॉप महत्त्वाचा. डेस्कटॉप म्हणजे खालची पट्टी, मेनू, खिडक्या, फाइल मॅनेजर हे सगळं. एकाच डिस्ट्रोत वेगवेगळे डेस्कटॉप मिळतात. ग्नोम आणि सिनॅमन दिसायला देखणे, पण रॅम जास्त घेणारे. एक्सएफसीई साधा आणि हलका. एलएक्सक्यूटी त्याहून थोडा हलका. "उबुंटू फार जड आहे बाबा," असं कोणी सांगितलं तर ते बहुतेक ग्नोमबद्दल बोलत असतात. तेच उबुंटू एलएक्सक्यूटीसकट घेतलं की त्याचं नाव लुबुंटू, आणि ते चांगलंच हलकं आहे.

मग घ्यायचं कोणतं?

चार जीबी रॅम, ६४-बिट प्रोसेसर आणि विंडोजची सवय असलेलं घर असेल तर माझं उत्तर सरळ आहे: लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ. आजोबांनाही पहिल्या दिवशी ब्राउझर सापडतो. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वर बेतलेलं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत. आणखी एक कारण आहे. उबुंटूत फायरफॉक्स स्नॅप नावाच्या पॅकेजमधून येतो, आणि जुन्या हार्डडिस्कवर तो पहिल्यांदा उघडायला बराच वेळ लावतो. मिंटने २०२० पासून स्नॅप बंदच ठेवलं आहे. आठ जीबी आणि एसएसडी असेल तर सिनॅमनवालं मिंट घ्या, डोळ्यांना बरं वाटतं.

लुबुंटू दोन-तीन जीबीच्या मशीनसाठी चांगलं, पण उबुंटूच्या अशा भावंडांना तीनच वर्षं सपोर्ट असतो. लुबुंटू २४.०४ चा एप्रिल २०२७ मध्ये संपतो. डेबियन मला स्वतःला सगळ्यात आवडतं, कारण ते एकदा बसलं की त्रास देत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची १३ वी आवृत्ती आली. मात्र सुरुवातीची जुळवाजुळव थोडी जास्त करावी लागते, म्हणून ज्यांच्या घरात इंजिनिअरिंगचा मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनाच सुचवेन. व्हीटीयूच्या, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या, कॉम्प्युटर सायन्सला शिकणाऱ्यांना सी आणि पायथनसाठी लिनक्स उपयोगी पडतंच. ते घरीच असलेलं बरं. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं तर कितीतरी वर्षं कॉम्प्युटर शिकतात तो लिनक्सवरच.

यूट्यूबवर आणखी शंभर नावं दिसतील. घरच्या पहिल्या लिनक्ससाठी ती बघू नका.

३२-बिट मशीनची गोष्ट वेगळी आहे. पेंटियम फोरच्या काळातले डबे आणि पहिले छोटे नेटबुक यांना आता वाली उरलेला नाही. क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं, फायरफॉक्सने २०२५ मध्ये, आणि डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. अँटीएक्ससारखी डिस्ट्रो अजून अशा मशीनवर चालते आणि रॅमही फार थोडी घेते. पण त्यावर आजच्या वेबसाइट उघडायची आशा धरू नका. टायपिंग आणि गाणी, एवढ्यापुरतं ठेवा. मात्र मशीन मोडीत काढण्याआधी एकदा खात्री करा. दुकानदाराने ३२-बिट विंडोज टाकलंय म्हणून प्रोसेसरही ३२-बिट असेलच असं नाही. २००६ पासूनचे कोअर टू ड्युओ ६४-बिटच आहेत. विंडोजच्या सिस्टिमच्या पानावर "एक्स६४-बेस्ड प्रोसेसर" असं दिसलं की काम झालं.

तीन भाषांचा कीबोर्ड

पुण्या-मुंबईच्या माणसाला हा भाग लागत नाही. आपल्याला लागतो. घरात अर्ज मराठीत, शाळेचं प्रोजेक्ट कन्नडमध्ये, ईमेल इंग्रजीत, आणि मुलाचा हिंदीचा निबंध वेगळाच. लिनक्समध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये एका वेळी चार लेआउट, म्हणजे कळांवरच्या अक्षरांच्या मांडण्या, ठेवता येतात. इंग्रजी, मराठी, कन्नड, हिंदी: बरोबर चार. दोन कळा दाबल्या की भाषा बदलते, आणि खालच्या पट्टीवर कोणती चालू आहे तेही दिसतं. वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागत नाही.

लेआउट कोणता निवडायचा, इथे एक छान सोय आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. बेळगाव-चिकोडीकडे ज्यांनी ऑफिसात कन्नड टायपिंग केलंय त्यांचा हात नुडीवर बसलेला असतो. नुडी हे कन्नड गणक परिषदेचं सॉफ्टवेअर, आणि त्याचा लेआउट मुळात के. पी. राव यांच्या मांडणीवरचा. त्याला थोडक्यात कगप म्हणतात. तो लिनक्सच्या यादीत कन्नडसाठी तर आहेच, पण त्याच धर्तीवर मराठीसाठीही आहे, "मराठी कगप फोनेटिक" अशा नावाने. इंग्रजी के दाबला की क, शिफ्ट धरून के दाबला की ख, आणि जोडाक्षरासाठी मधे एफ. के-एफ-के म्हणजे क्क. कन्नड लेआउट चालू असेल तर त्याच बोटांनी कन्नड अक्षर, मराठी चालू असेल तर देवनागरी. एकदा बसलेला हात दोन्ही लिप्यांना चालतो. नुडीवर वर्षानुवर्षं काम केलेल्या आणि घरी मराठी लिहिणाऱ्या माणसाला याहून सोपं काही नाही.

कगप येत नसेल तर इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण लेआउट शिका. तिथेही क एकाच कळेवर, भाषा कुठलीही असो, फक्त हलंत डीवर. ज्यांना मोबाइलसारखं रोमनमध्ये लिहून मराठी उमटवायचंय त्यांनी आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्यासोबतचं एम१७एन हे पॅकेज घ्यावं. चालतं, पण मोबाइलइतकं हुशार नाही. पुढचा शब्द ते सुचवत नाही.

कन्नड अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर घाबरू नका, फक्त फाँट नाही असं समजा. नोटो, लोहित, गुब्बी, नविलु हे फाँट सॉफ्टवेअर मॅनेजरमधून फुकट मिळतात.

जुन्या फाइलींची गोष्ट जरा किचकट आहे. जुन्या श्रीलिपीत किंवा जुन्या नुडीत केलेल्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा कोड देणाऱ्या आजच्या पद्धतीत, नसतात. तिथे आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, वर फाँट फक्त मराठी किंवा कन्नड चेहरा चढवतो. तो फाँट नसेल तर लिनक्सवरच्या लिब्रेऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये नुसता कचरा दिसेल. पत्रिका, संस्थेचे ठराव, जुने अर्ज असं काही असेल तर विंडोज चालू असतानाच एकदा ते कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि जोडीला प्रत्येकाची पीडीएफही करून ठेवा.

मेनू मराठीत करायचे का? करता येतात. मी इंग्रजीतच ठेवायला सांगतो. अनुवाद अर्धवट असतो, आणि अडल्यावर नेटवर जी मदत शोधाल ती इंग्रजी मेनूंची नावं घेऊनच लिहिलेली असते.

जे लिनक्सवर होणार नाही

इथे गोड बोलण्यात अर्थ नाही. टॅली अधिकृतपणे विंडोजसाठीच आहे. वाइन हे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर वापरून खटपट करता येते, पण दुसऱ्याचा जीएसटी भरणाऱ्याने तसल्या खटपटीवर विसंबू नये. आधारसाठी अंगठा घेणारी यंत्रं बहुधा विंडोज आणि अँड्रॉइडच धरून चालतात. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन असेल तर त्याचा लिनक्स ड्रायव्हर आहे का ते आधी बघा. असं काम घरातूनच होत असेल तर त्या मशीनवर विंडोज राहू द्या.

प्रिंटरचं बघूनच पाऊल टाका. आपल्याकडे ऑफिसातनं, दुकानातनं हमखास दिसणारा कॅनन एलबीपी २९०० लिनक्सवर कटकटीचा आहे. त्याला कंपनीचा खास ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणं नवख्याचं काम नव्हे. एचपीचा लेझरजेट १०२० चालतो, पण एचपीलिप नावाच्या सॉफ्टवेअरमधून एक प्लगइन एकदा उतरवून घ्यावं लागतं. वायफायच्या काही जुन्या ब्रॉडकॉम चिपांनाही वेगळा ड्रायव्हर लागतो. त्या वेळी मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचं नेट वापरायचं आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून तो घ्यायचा.

पेनड्राइव्हवरून आधी बघून घ्या

यातलं काय चालतं आणि काय नाही, हे मशीनवरचं काहीही न पुसता कळू शकतं. मिंटची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची सगळी सामग्री असलेली एक फाइल, तीनेक जीबीची आहे. मोबाइल डेटावर नको, घरच्या वायफायवर उतरवा. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यावर वेंटॉय (पेनड्राइव्हवरून आयएसओ चालू करून देणारं साधन) टाका आणि आयएसओ नुसती कॉपी करा. पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं जाईल, तेवढं लक्षात ठेवा. मोठा पेनड्राइव्ह असेल तर त्यावर लुबुंटूचीही आयएसओ मावेल, आणि कुठलं चालू करायचं ते तो सुरुवातीला विचारेल. मशीन चालू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून पेनड्राइव्ह निवडायचा. मग आवाज येतो का, वायफाय लागतं का, प्रिंट निघते का, कन्नड साइट नीट दिसते का, हे सगळं निवांत बघा. फक्त वेग तिथे जोखू नका, पेनड्राइव्ह मुळातच हळू असतो.

या वेळी वेबसाइट "सुरक्षित नाही" अशी तक्रार करत असतील तर कोपऱ्यातलं घड्याळ बघा. जुन्या मशीनचा मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल उतरलेला असतो, तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते. सीआर२०३२ हा सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो.

एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवता येतात, पण मला ते फारसं पटत नाही. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर लिनक्सला त्या भागात लिहिता येत नाही. शिवाय दोघांची घड्याळाची पद्धत वेगळी, त्यामुळे एकातून दुसऱ्यात गेलं की वेळ साडेपाच तासांनी सरकते. त्यापेक्षा नवीन एसएसडी घ्यायचीच आहे तर जुनी हार्डडिस्क बाहेर काढा आणि तशीच्या तशी बाजूला ठेवा. विंडोज, फोटो, फाइली सगळं तिच्यात शाबूत राहतं. लिनक्स नव्या एसएसडीवर बसवा. जमलं नाही तर जुनी डिस्क परत लावली की काम भागलं. जमलं तर तीच डिस्क यूएसबी केसमध्ये घालून फोटो इकडे घ्या.

एसएसडी न घेता जुन्याच डिस्कवर सगळं पुसून लिनक्स टाकणार असाल तर फोटोंची आणि कागदपत्रांची एक कॉपी बाहेर काढल्याशिवाय इन्स्टॉलचं बटण दाबू नका. तिथे "इरेज डिस्क" म्हणजे खरोखर इरेज.

लाईट गेली तर?

खानापूर, जांबोटीकडे जून-जुलैत लाईट कधी जाईल सांगता येत नाही. लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम जर्नल ठेवते, म्हणजे काय बदल करायचाय ते आधी नोंदवून मग करते. त्यामुळे मधेच वीज गेली तरी डिस्कचा हिशेब सहसा सावरला जातो. अपडेट अर्धवट असताना गेली तर मात्र सिस्टिम बिघडू शकते. डेस्कटॉप असेल तर अपडेट यूपीएस चालू असतानाच करा, आणि लॅपटॉपची बॅटरी मेली असेल तर तोही डेस्कटॉपच समजा.

मिंटमध्ये टाइमशिफ्ट हे सिस्टिमची प्रत (स्नॅपशॉट) जपून ठेवणारं साधन आधीच बसवलेलं असतं. कीबोर्ड, प्रिंटर, फाँट सगळं मनासारखं लागलं की त्याच दिवशी त्यातून पहिला स्नॅपशॉट घ्या. पुढे एखादं अपडेट अंगाशी आलं तर दहा-पंधरा मिनिटांत सिस्टिम त्या दिवसाच्या स्थितीत परत आणता येते. टाइमशिफ्ट फक्त सिस्टिम सांभाळतं. घरचे फोटो आणि कागदपत्रं त्यात धरलेली नसतात, त्यांची कॉपी वेगळ्या डिस्कवर स्वतःच ठेवायची.